तुझ्या ओठांवर माझा आवाज

६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून दचकला असशील. दोन बस बदलल्या की तुझं घर येतं, आणि मी टपालाने बोलतोय. पण तू फोनवर येत नाहीस. तुझी बायको फोन उचलते आणि म्हणते, "दादा, ते आंघोळीला गेलेत." परवा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तू आंघोळीलाच होतास. इतका स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात दुसरा झाला नाही.

हसलास का? नसशील.

मूळ गोष्ट अगदी एवढीशी आहे. नातीने मला फोनवरचा एक खेळ शिकवला. लहानसं चित्रण घ्यायचं, त्यातला मूळ आवाज बंद करायचा आणि समोर जी तोंडं हलतात त्यांच्यावर आपला आवाज भरायचा. बस स्थानकावर एकतीस वर्षं "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणणाऱ्या माणसाकडे निवृत्तीनंतर घरातलं मांजरही लक्ष देत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्यामुळे मला या खेळाचं वेडच लागलं. तारेवरच्या दोन कबुतरांना मी नवरा-बायकोचं भांडण दिलं. रवंथ करणाऱ्या एका शेळीला शाळा तपासायला आलेल्या साहेबांचं भाषण दिलं. बागेतल्या बाकावरची आमची मंडळी खोकला लागेपर्यंत हसायची. चित्रकलेचे मास्तर म्हणाले, "या वयात तुम्हाला पुन्हा माइक मिळाला. आता आमची धडगत नाही."

मग तुझ्या निरोप समारंभाचं चित्रण हाती आलं. तुझ्या मुलानेच घरच्या गटावर टाकलं होतं, तुझं अकरा मिनिटांचं भाषण. लिफ्ट दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेला माणूस पहिल्यांदा चारचौघांसमोर उभा राहिला होता. त्या भाषणाला मी माझा आवाज दिला. कौतुक म्हणून. बोलताना तुला किती कष्ट पडतात ते मी लहानपणापासून पाहत आलोय. वाटलं, एकदा तरी आपला धाकटा न अडखळता, सलग, छान आरोह-अवरोहासकट बोलताना दिसावा. मध्ये पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळीही घातल्या, तुला आवडायच्या त्या.

एवढंच झालं. त्याचा कुणीतरी राईचा पर्वत केलेला दिसतो. कळव.

तुझा,
दादा


१५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

नऊ दिवस झाले. टपाल एवढं हळू नाही.

काल जुनी पुस्तकं काढून बसलो होतो. तिसरीच्या पुस्तकात तुझ्या हातची पेन्सिल आहे. जे शब्द तुला जड जायचे, त्यांच्याखाली तू बारीक रेघ मारायचास. पानंच्या पानं रेघांनी भरलीत. वर्गात पोरं तुला 'टाइपरायटर' म्हणायची आणि मी मधल्या सुट्टीत त्यांना बदडायचो, आठवतं?

शाळेच्या स्नेहसंमेलनातही तुझ्या वाटेला नदीची कविता आली, तेव्हा मीच पुढे झालो होतो. बाईंना म्हटलं, तो उभा राहील, मी पडद्यामागून म्हणतो. तू ओठ हलवलेस, मी म्हटली, पहिला नंबर आला. त्या दिवशी तुला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग आजच काय झालं?

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. चहा प्यायलो. पुन्हा बसलोय.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली कसली, ठेवली. चित्रणं दोन होती.

पहिलं, कौतुकाचं, मी बाकावर दाखवलं तेव्हा कुणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, "छान आहे हो. पण हा तुमचा भाऊ वाटत नाही. तो असा कुठे बोलतो?" आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेळीच्या वेळी बघत होते ना, तसे. मला ती शांतता सोसेना.

घरी आलो. कपड्यांच्या कपाटात डोकं घातलं, कारण तिथे आवाज घुमत नाही. तुझी वहिनी असती तर तिने बाहेरून कडी घातली असती, आणि बरं झालं असतं. तुझ्या भाषणातली चाळीस सेकंदं कापून घेतली आणि त्यावर तुझाच आवाज काढला. तुझं अडखळणं माझ्याइतकं कुणाला येणार? 'प' आला की तू डोळे मिटतोस. 'ल' वर हनुवटी उचलतोस आणि मग शब्द एकदम सुटतो, घसरगुंडीवरून पोर सुटावं तसा. साठ वर्षांचा अभ्यास माझा. सगळा कामी आणला.

तुझ्या तोंडी घातलेलं वाक्यही लिहितो, म्हणजे लपवल्यासारखं होणार नाही. "लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचली, पण माझं वाक्य अजून तळमजल्यावरच आहे." हे मी तुझ्या पद्धतीने म्हटलं. पूर्ण चाळीस सेकंदं घेतली.

बाक हादरला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "पाठवा, पाठवा मला." मी पाठवलं. बोट माझंच होतं.

दादा


२ मार्च

धाकट्या,

आज तुझा मुलगा येऊन गेला. दारातच उभा राहिला. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाला, "बसायला नाही आलो, काका." पाणीही घेतलं नाही. लहान असताना हाच मुलगा माझ्या खांद्यावरून उतरायला तयार नसायचा.

त्याने जे सांगितलं त्यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं, असं मी कुणाच्याही शपथेवर सांगू शकतो. पण ठाऊक करून घेतलं नव्हतं, हेही खरं.

कंपनीने तुला परत बोलावलं होतं म्हणे. शिकाऊ मुलामुलींना आठवड्यातून दोन दिवस लिफ्टचं काम शिकवायला. तू ते मला सांगितलं नाहीस. पहिला तास नीट होऊ दे, मग दादाला सांगू, असं म्हणत होतास. तीन महिने तू आरशासमोर धडा म्हणत होतास, भावजय समोर स्टुलावर बसून वर्ग व्हायची, आणि मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारायची. पहिल्या दिवशी नवा शर्ट घातलास. फळ्यापाशी उभा राहिलास. हनुवटी उचललीस, आणि 'लिफ्ट' शब्दाचा 'लि' निघतोय तोच मागच्या बाकावर कुणाच्या तरी फोनमधून माझा आवाज आला. तुझा आवाज. मी काढलेला तुझा आवाज.

मास्तरांनी पुढे पाठवलं, त्यांच्या भाच्याने त्याच्या पुढे, आणि ते फिरत फिरत तुझ्याच वर्गात पोचलं.

"सगळा वर्ग हसला," तुझा मुलगा म्हणाला. "बाबांनी अवजारांची पेटी बंद केली आणि घरी आले. तेव्हापासून बोलत नाहीत."

"माझ्याशी?" मी विचारलं. बघ, तिथेही माझंच पुढे.

"कुणाशीच नाही. चिठ्ठ्या लिहितात. 'मीठ दे' याचीसुद्धा चिठ्ठी."

मी म्हटलं, "अरे, पण लोक हसतातच. शाळेतही हसायचे."

तो म्हणाला, "काका, चाळीस वर्षं त्यांच्या कामावर कुणी हसलं नव्हतं. लोकांचं त्यांना काही नाही. आवाज ऐकल्या ऐकल्या त्यांनी ओळखलं, हा दादा आहे."

जाताना त्याने सांगितलं की तू शिकवणार होतास त्या कार्यशाळेच्या बाईंनी तुझी जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे. एक तारखेला दुसरा माणूस घेतील. मग तो जिना उतरून गेला. लिफ्ट होती, पण तो जिन्याने गेला. मी खालचा दरवाजा वाजेपर्यंत ऐकत राहिलो.

हे पत्र कसं संपवायचं, कळत नाही.


९ मार्च

धाकट्या,

मी तुझं भाषण ऐकलं.

हसशील की रडशील ठाऊक नाही, पण आजवर मी ते ऐकलंच नव्हतं. समारंभात पहिल्या रांगेत बसलो होतो, तुझ्या मुलाच्या शेजारी, तो फोन धरून होता. त्यामुळे आपण ऐकलंय असंच मी धरून चाललो. पुढे या खेळात पहिलं काम काय, तर मूळ आवाज बंद करायचा. तो मी बंद केला. तुझे ओठ दोनशे वेळा पाहिले असतील. ते काय म्हणतायत ते एकदाही नाही.

काल दार लावून बसलो आणि अकरा मिनिटं ऐकलं. मग कागद घेऊन पुन्हा ऐकलं. शाळेत आपण संदर्भासह स्पष्टीकरण लिहायचो, तसं ओळीओळीने उतरवून काढलं. त्यात दोन आवाज आहेत. एक तुझा. दुसरा, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून येणारा, खणखणीत, माझा.

तू म्हणतोस, "कामाला लागलो तेव्हा मला भि... भि..." लगेच मी, "भीती वाटायची." तू नाही म्हणून मान हलवतोस. थांबतोस. पुन्हा सुरू करतोस, "भिंतीशी बोलायची सवय होती. लिफ्टच्या उभ्या पोकळीत चारी बाजूंना भिंतच. ती घाई करत नाही."

तू म्हणतोस, "एकदा एक मा... मा..." मी, "माणूस अडकला." तू पुन्हा मान हलवतोस. "मावशी. एक मावशी अडकल्या होत्या, सातव्या आणि आठव्याच्या मध्ये. आतल्या माणसाशी बोलत राहायचं, असा नियम आहे. मला ते जमेना. म्हणून मी वरून पान्याने ठोकत राहिलो. ठक, ठक. त्या आतून ठोकायच्या. दोन तास. बाहेर आल्यावर म्हणाल्या, किती छान बोलता हो तुम्ही."

हे तू सांगितलंस. शंभर माणसांसमोर. आणि मी याच्यावर चाळीस सेकंदांचा विनोद चिकटवला.

अकरा मिनिटांत मी चौदा वेळा तुझा शब्द पुरा केलाय. मोजले. एकदाही बरोबर आलेला नाही. चौदाच्या चौदा चूक. तू दर वेळी मान हलवून मागे गेलास आणि स्वतःचा शब्द घेऊन आलास, रागावला नाहीस. शेवटी म्हणालास, "माझा दादा खू... खू..." आणि मी सभागृहाला ऐकू जाईल असं म्हटलं, "खूप मोठा आहे." लोक हसले. तू थांबलास. म्हणालास, "खूप घाईत असतो."

तेव्हा लोक आणखी हसले, मीही हसलो, काय म्हणालास ते न ऐकता हसलो, आणि टाळ्या वाजवत उभा राहिलो. भाषण संपलं असं मीच ठरवून टाकलं. माझ्या टाळ्यांखाली तुझं आणखी एक वाक्य आहे. फोन कानाला लावून सहा वेळा ऐकलं तेव्हा लागलं. "त्याला एकदा माझ्याबरोबर लिफ्टमध्ये अडकवा, म्हणजे माझं पुरतं ऐकेल."

केवढा विनोदी माणूस आहेस तू. मला हे एकसष्टाव्या वर्षी कळतंय, म्हणजे तुझ्या एकसष्टाव्या. माझी तर सत्तरी जवळ आली.

आता स्नेहसंमेलनातला तो पडदा. तू ओठ हलवलेस, असं मी मागे लिहिलं. तू ओठ हलवत नव्हतास. मी तुझ्यापासून तीन हातांवर होतो, मला ऐकू येत होतं. तू म्हणत होतास. हळू, पण म्हणत होतास, पहिलं कडवं जवळजवळ न अडखळता. बाईंनी मला सांगितलं होतं, तो थांबला तरच तू म्हण. तू थांबला नव्हतास. मला म्हणायची होती. मी आवाज चढवला आणि तुझा आवाज बुडाला. नंतर बक्षिसाची वही तुला मिळाली, आणि मी महिनाभर गल्लीत सगळ्यांना सांगत फिरलो की आवाज खरा माझा.

कवीला काय म्हणायचे आहे, या प्रश्नाला मला नेहमी पैकीच्या पैकी गुण पडायचे.

दादा


१८ मार्च

धाकट्या,

मी काल कार्यशाळेत गेलो होतो. तुला न विचारता. विचारायला तू फोनवर येत नाहीस, आणि आलास तर मी तुझं उत्तरही आधीच देऊन मोकळा होईन.

बाई भल्या आहेत. त्यांनी मला वर्गात नेलं. मध्यभागी ती सरावाची लिफ्ट, दार नसलेली, आतल्या तारा उघड्या. पंधरा-सोळा मुलंमुली. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "नमस्कार, मी तुमच्या सरांचा मोठा भाऊ." मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हेच ते." सगळ्यांचे चेहरे उजळले. एक मुलगी अगदी प्रेमाने म्हणाली, "आजोबा, एकदा करून दाखवा ना."

मी त्यांची माफी मागायला गेलो होतो. मागितलीही. आणि तुला खरं सांगायचं तर, ती उत्तम झाली. आवाज हवा तिथे कापरा झाला, हवा तिथे थांबला, शेवटचं वाक्य खाली उतरवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्या, माझ्या माफीला टाळ्या पडल्या. आणि एक क्षण मला बरं वाटलं. त्या क्षणाची लाज मला चित्रणापेक्षा जास्त वाटते.

मग मी बोलणं बंद केलं. बाईंना खुणेनेच पडदा मागितला आणि तुझं भाषण लावलं, मूळ आवाजासकट. दुसऱ्या मिनिटाला एक जण खिदळला. शेजारची म्हणाली, "गप रे, ऐकू दे." मावशींची गोष्ट आली तेव्हा कुणी हलत नव्हतं. मी प्रत्येक वेळी मध्ये तोंड घालत होतो, तेव्हा मुलं पडद्यावरच्या माझ्या आवाजावर वैतागायला लागली. मागच्या बाकावरचा एक तर म्हणाला, "कोण आहे हा माणूस? बोलू द्या ना त्यांना." मी तिथेच, भिंतीला टेकून उभा होतो.

भाषण संपल्यावर एकाने विचारलं की पान्याने कुठे ठोकायचं, दारावर की रुळावर? आवाज कुठून जास्त लांब जातो? मला माहीत नव्हतं. बाईंनाही नव्हतं. त्यांनी तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवलाय.

हे लिहून मी काही मिळवू पाहत नाही, असं लिहिणार होतो. पाहतोय. पण तू शिकवायला गेला नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. मास्तरांच्या फोनमधून ते चित्रण मी समोर बसून काढायला लावलं. बाकीच्यांच्या फोनमधून कुठून काढू? ते गेलं ते गेलं. बाकावर मी आता जात नाही.

दादा


२५ मार्च

धाकट्या,

आज सकाळी साडेनऊला फोन वाजला. मी म्हटलं, "हॅलो." पलीकडे कुणी बोलेना. मागे कुकरची शिट्टी झाली, त्यावरून घर ओळखलं. मग श्वास ओळखला.

तू म्हणालास, "प..."

तुझे डोळे मिटलेले असणार, हे मला दिसलं. माझ्या जिभेवर लगेच शब्द आला, 'पुरे'. पुरे कर दादा. आयुष्यात पहिल्यांदा मी तो गिळला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. सेकंदकाटा अर्धी फेरी फिरला.

"पत्रं," तू म्हणालास. "पत्रं पाठवू न..."

तेव्हा मला वाटलं, संपलं. पुढचं 'नकोस' मी रोजच्या सवयीने स्वतःच ऐकून टाकलं होतं. माझा हात फोन ठेवायला निघालासुद्धा होता, "बरं" म्हणून मी ठेवलाच असता, आणि मरेपर्यंत सगळ्यांना सांगितलं असतं की धाकट्याने मला तोडलं. पण तुझा श्वास अजून चालू होता. मी हात मागे घेतला. खिडकीखालून भाजीची गाडी गेली, ती कोपऱ्यावर वळली. मग दुसरी कुठली तरी गाडी गेली.

"नकोस," तू म्हणालास. "मंगळवारी ये. कार्यशाळेत. शेवटच्या बाकावर बस."

या चार तुकड्यांना किती वेळ लागला ते मी बघितलं नाही. घड्याळाकडे बघणं मध्येच कधीतरी सुटलं होतं. वाटलं, झालं. तरीही थांबलो. चौदा चुका पाठीशी होत्या.

आणि मग, अगदी सावकाश, तू म्हणालास, "आणि बोलू नकोस."

मी होकाराची मान हलवली. ती तुला दिसली नसणार. मग तू फोन ठेवलास.

मंगळवारी पहाटेच उठून दाढी करीन. दोन बस बदलून दहाच्या आधी पोचेन. तू पत्रं पाठवू नकोस म्हणालास, म्हणून हे टपालात टाकत नाही. खिशात घालून आणतो. तास संपला, मुलं बाहेर पडली, की तुझ्या हातात देईन, आणि तू वाचून संपवेपर्यंत समोर उभा राहीन. तुला हवा तेवढा वेळ घे.

दादा